मोहाला गल्लीच्या तोंडाशीच कसं अडवायचं

लहानपणी मार्च महिना उजाडला की आम्ही ख्रिस्ती पोरं प्रभूची प्रार्थना जरा जास्तच जोर लावून म्हणायचो. 'आम्हाला परीक्षेत आणू नको' ही ओळ आली की आवाज चढायचा. दहावीच्या वर्षी माझ्या शेजारचा पोरगा तर त्या ओळीला डोळे घट्ट मिटून घ्यायचा. संडे स्कूलच्या बाई हसू दाबायच्या, पण अर्थ काही सांगायच्या नाहीत. ती परीक्षा म्हणजे बीजगणिताचा पेपर नव्हे हे मला नीट कळलं ते पस्तिशीत, एका पत्र्याच्या पेटीमुळे.

पेटीची गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालंय. मी पेशाने हिशेबनीस. आईवडील नगरकडचे, मी वाढलो पुण्यात, राहायला वडगाव शेरीत. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तरुण संघाचा खजिनदार मीच, कारण 'आकड्यातला माणूस' दुसरा कोणी नव्हता. त्या वर्षी पाचगणीला शिबिर ठरलं होतं. रविवारी उपासनेनंतर मुलं पैसे आणून द्यायची, मी पावती फाडायचो, पेटी पाळकसाहेबांच्या कपाटात जायची आणि सोमवारी बँकेत भरणा व्हायचा. एका रविवारी साहेब गावाला गेले होते, म्हणून पेटी मी घरी नेली. सोमवारी ऑफिसात ऑडिटर आले, मंगळवारी विसरलो, बुधवारी आठवलं पण कंटाळा केला. त्या महिन्यात पगार लांबला होता आणि मुलीच्या शाळेची फी तोंडावर आलेली. शुक्रवारी रात्री पेटीतून तीन हजार काढले. पाच तारखेला परत ठेवायचे होते. पाच तारखेला पगार झाला, ठेवायचे राहिले, आणि पंधरा तारखेला आणखी दोन हजार गेले. दुसऱ्या वेळी हात अजिबात थरथरला नाही. मला आजही त्याचीच जास्त भीती वाटते.

शिबिराच्या आठवडाभर आधी हिशेब मांडायचा होता. ताळा जमवणं मला अवघड नव्हतं, रोजचंच काम. टेम्पोच्या भाड्याची एक खोटी पावती लिहायला बसलो. 'अक्षरी रुपये पाच हजार फक्त' यातलं 'फक्त' लिहिताना पेन थांबलं. त्याच रात्री मंडळीतल्या एका निवृत्त मास्तरांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन हजार काढलेस तेव्हा कुठे पडलास तू? पेटी घरी नेलीस तेव्हाच गल्लीत शिरलास. पुढचा सगळा उतार."

खाली लिहिलंय ते त्या वाक्यावरचं भाष्य समजा. नंतरच्या वर्षांत संघाच्या मुलांबरोबर, आणि काही मोठ्या माणसांबरोबरही, बसून जे उपयोगी पडलेलं पाहिलं तेवढंच घेतलंय.

आधी शब्द लावून घेऊ

ग्रीक नव्या करारात 'पेइरास्मोस' हा एकच शब्द परीक्षेलाही आहे आणि मोहालाही. म्हणून आपल्या मराठी बायबलात प्रभूच्या प्रार्थनेत 'परीक्षा' येते आणि कॅथलिक शेजारी 'मोहात पडू देऊ नकोस' म्हणतात. हा प्रश्न मराठीपुरता नाही. इटालियन भाषेतली हीच ओळ बदलायला पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये मान्यता दिली, कारण जुन्या शब्दांतून देवच माणसाला मोहात नेतो असा अर्थ निघत होता. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोबाने ते आधीच खोडून काढलंय (1:13): देवाने मला मोहात घातलं, असं कोणी म्हणू नये. प्रसंग एकच असतो. देव त्यातून माणसाला उभा करू पाहतो, आणि मोह घालणारा पाडू पाहतो.

आपल्या कानांना 'मोह' म्हटलं की काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर अशी षड्रिपूंची यादी ऐकू येते. तिथला मोह म्हणजे भूल, आसक्ती. ख्रिस्ती बोलण्यातला मोह म्हणजे ओढ लागण्याचा तो प्रसंग, मग ओढ पैशाची असो, शरीराची असो, नाहीतर जावेच्या नव्या फ्लॅटची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोह होणं हे पाप नव्हे. इब्री लोकांस पत्र (4:15) म्हणतं की येशू सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. हे मी मुद्दाम आधी सांगतो. बरीच चांगली पोरं 'माझ्या मनात असा विचार आलाच कसा' इथेच खचतात, आणि आता पडलोच आहोत तर पुढे जायला काय हरकत, असं म्हणून खरोखर पडतात.

पहिली पायरी: शेवटून सुरुवातीकडे लिहा

हिशेबात चूक सापडत नसेल तर आम्ही ताळेबंदापासून मागे जातो. आधी खतावणी, मग रोजकीर्द, शेवटी व्हाउचर. मोहाचंही तसंच करायचं. शेवटचं जे पडणं आठवतंय ते कागदाच्या तळाशी लिहा आणि एकेक ओळ वर चढत जा. त्याच्या आधी काय झालं? त्याच्या आधी?

खराडीत नोकरी करणाऱ्या एका मुलाने असा कागद माझ्यासमोर केला. तळाशी होतं: रात्री साडेबारा, मोबाईल, नको ते व्हिडिओ. त्याच्या वर: अकरा, पांघरुणात, 'जरा रील्स बघतो'. त्याच्या वर: पावणेअकरा, रूममेट झोपला, चार्जर उशाशी. त्याच्या वर: आठ वाजता टीम लीडने सगळ्यांसमोर झापलं. अगदी वर: दुपारी डबा खाल्लाच नाही. तो वर्षभर साडेबाराच्या ओळीशी लढत होता आणि दर वेळी हरत होता. त्याच्या गल्लीचं तोंड पावणेअकराला होतं, चार्जरपाशी.

गल्ली हा शब्द मास्तरांनी उगीच वापरला नव्हता. नीतिसूत्रे 7 मधला तो अक्कलशून्य तरुण आठवा. संध्याकाळी, अंधार पडताना, तो तिच्या कोपऱ्याजवळच्या गल्लीने चाललाय. तिच्या घरी जायचं असं त्याने ठरवलेलं नाही. नुसता त्या रस्त्याने चाललाय इतकंच. दावीदाचंही तेच (2 शमुवेल 11). दुसऱ्याची बायको बथशेबा नजरेस पडण्याच्या आधीच तो अध्याय सांगतो की राजे लढाईवर जाण्याचे ते दिवस होते, सैन्य गेलं होतं आणि राजा यरुशलेमातच राहिला होता. गच्चीवरून तिचं दिसणं पुढे येतं.

या उताराला याकोबाने (1:14-15) जन्माची उपमा दिलीय. वासना माणसाला ओढते, भुलवते, गर्भवती होते, पापाला जन्म देते, आणि ते वाढलं की मरण. संत ऑगस्टीनने डोंगरावरील प्रवचनावर लिहिताना तीन टप्पे केले: सूचना, मग त्यात रमणं, मग संमती. सूचना कुठूनही येते, तिच्यावर आपला ताबा नाही. रमणं हा मधला टप्पा मात्र खरा घात करतो, कारण त्यात अजून काहीच 'केलेलं' नसतं. पेटी घरात असताना मी चार रात्री त्या पैशांचा विचार करत होतो. फी भरली तर किती सुटसुटीत होईल, कोणाला कळणारसुद्धा नाही, शिवाय मी तर मंडळीचं इतकं करतो.

संमती झाली की नाही हे ओळखायला माझी एक धंदेवाईक कसोटी आहे. *याचं व्हाउचर करता येईल का?* म्हणजे काय केलं, कोणासाठी, कोणाच्या परवानगीने, हे तारखेसह लिहून खाली सही करता येईल का? मी त्या पैशाला मनात 'उचल' म्हणत होतो. उचलीचं व्हाउचर होतं. मी केलं नव्हतं. तिथेच उत्तर होतं.

दुसरी पायरी: घड्याळ आणि पोट बघा

आपण मोहाला फार आध्यात्मिक समजतो. बायबल तसं समजत नाही. चाळीस दिवसांच्या उपासानंतर येशूला भूक लागली, आणि मोह घालणारा नेमका तेव्हा आला. पहिलाच विषय काढला भाकरीचा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता (1 राजे 19), तेव्हा देवाच्या दूताने त्याला प्रवचन दिलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू दिला, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. डोंगरावरचं बोलणं त्यानंतरचं.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इवाग्रियस नावाच्या साधूने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली: खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, राग, उबग, पोकळ बडेजाव आणि गर्व. त्यातल्या उबगाला त्याने वेळसुद्धा दिलीय, साधारण सकाळी दहा ते दुपारी दोन. सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो, साधू सारखा खिडकीकडे बघतो आणि जेवणाच्या वेळेला किती उरलं ते मोजतो. पुण्यात एक ते चार दुकानाची फळी लावून झोपणाऱ्यांनी यावर आपला तोडगा फार पूर्वीच काढलाय असं मला कधीकधी वाटतं. ऑफिसात बसणाऱ्याला ती सोय नाही. त्याच्या हातात तीन वाजता मोबाईल येतो.

तेव्हा पहिल्या पायरीच्या कागदाशेजारी वेळ लिहा, आणि पोट भरलेलं होतं का, झोप किती झाली होती, कोणाशी वाजलं होतं, घरात एकटे होतात का, हेही लिहा. तीन-चार कागदांत नक्षी दिसायला लागते. खराडीच्या मुलाला मी सांगितलेली पहिली गोष्ट ही की दुपारचा डबा चुकवायचा नाही. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

तिसरी पायरी: रस्ता बदला, तोही आधीच

मंडळीतले एक काका, निवृत्त वायरमन, दारू सोडून आता बरीच वर्षं झाली. सोडली तेव्हा ते हडपसरकडून स्कूटरवर घरी यायचे आणि वाटेत त्यांची नेहमीची परमिट रूम होती. महिनाभर ते रोज त्या पाटीसमोरून प्रार्थना करत जायचे. प्रार्थना खरी होती. चार वेळा स्कूटर थांबलीच. मग त्यांनी स्कूटर भावाला देऊन टाकली आणि पीएमपीचा पास काढला. "बसला त्या वळणावर थांबा नाही," ते सांगतात. "मला उतरावंसं वाटायचं, पण ड्रायव्हर माझं ऐकेल तर ना!"

अशाने इच्छाशक्ती वाढत नाही, ही तर पळवाट आहे, असं म्हणणारे भेटतात. असू दे पळवाट. पहिल्या करिंथकरांस पत्रात (10:13) देव परीक्षेबरोबर निभावून जाण्याची वाटही करील असंच वचन आहे, आणि त्या वाटेवरून पीएमपीची बस जात असेल तर त्यात कमीपणा कसला? योसेफाकडे बघा (उत्पत्ती 39). पोटीफराची बायको त्याला रोज गळ घालत होती. त्याने नाही म्हटलं, का नाही तेही सांगितलं, मग तिच्या आसपास राहायचं टाळलं, आणि शेवटी वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. इतकं करून त्याला मिळालं काय? तुरुंग. हे संडे स्कूलमध्ये घाईघाईने उरकतात. मोहाला नाही म्हटल्यावर लगेच बरं वाटेल, बढती मिळेल, घरात शांती नांदेल, असं कोणी सांगत असेल तर त्याने हा अध्याय पुन्हा वाचावा.

प्रत्यक्षात काय करायचं ते फार छोटं असतं. मोबाईल स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी चार्जिंगला, रात्री दहाला. गजराला जुनं टेबलावरचं घड्याळ, म्हणजे 'गजरासाठी लागतो' ही सबब उरत नाही. क्रेडिट कार्ड घरी ठेवून एमजी रोडला जायचं. रोकड मोजायला कायम दोघं.

मात्र पळणं सगळीकडे लागू पडत नाही. शरीराचे, बाटलीचे, पडद्यावरचे मोह यांच्याशी वाद घालत बसू नये. पौलही जारकर्मापासून पळा असंच सांगतो, झुंजा असं नाही. पण मत्सर, राग आणि कुजबूज यांच्यापासून पळून कुठे जाणार? जाऊबाई त्याच घरात, साहेब त्याच केबिनमध्ये. तिथे उभं राहावं लागतं, आणि त्यासाठी पुढची पायरी.

चौथी पायरी: उत्तर आधी पाठ करा

अरण्यात येशूने तिन्ही वेळा उत्तर दिलं ते जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून, आणि तेही सहाव्या आणि आठव्या अध्यायातून. इस्राएल लोक चाळीस वर्षं अरण्यात जिथे जिथे घसरले त्याची आठवण करून देणारे हे अध्याय आहेत. म्हणजे त्याने त्या क्षणी पुस्तक चाळलं नाही. तो त्याच पानांवर राहत होता.

इवाग्रियसने हीच रीत धरून आठही विचारांना द्यायच्या उत्तरांचा मोठा संग्रह केला. अमुक विचार आला तर हे वचन, तमुक आला तर ते. शेकडो आहेत. तुम्ही शेकडो करू नका. मी वीस वचनांच्या चिठ्ठ्या केलेले लोक पाहिलेत, ऐन वेळी एकही आठवत नाही. तुमच्या कागदावर जो एक मोह वारंवार येतो त्याला एकच वचन, आपल्या भाषेतलं, एका दमात म्हणता येईल इतकं. माझं इफिसकरांस 4:28 आहे: चोरी करणाऱ्याने यापुढे चोरी करू नये. ते माझ्या पाकिटात नोटांच्या कप्प्यात आहे. कागद दोनदा बदलावा लागला.

एक सावधगिरी. वचन म्हणजे मंत्र नव्हे. मंदिराच्या शिरोभागावर उभं करून सैतानानेही येशूला वचनच ऐकवलं, स्तोत्र 91 मधलं, देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल म्हणून. शास्त्र पाठ असणं आणि शास्त्राच्या धन्याचं ऐकणं यांत अंतर आहे. मी पेटीतून पैसे काढत होतो त्याच आठवड्यात तरुण संघात बायबल अभ्यास घेतला होता. विषय आठवत नाही, सुदैवाने.

वचनही सुचत नसेल तेव्हा जकातदाराची प्रार्थना पुरते, देवा मज पाप्यावर दया कर. तेवढ्यात बस एक थांबा पुढे जाते.

पाचवी पायरी: एका माणसाला सांगा

ही सगळ्यांत जड, आणि सगळ्यांत जास्त काम करणारी. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम आहे. मोह घालणारा हा लबाड प्रियकरासारखा असतो, आपलं बोलणं मुलीने बापाला किंवा नवऱ्याला सांगू नये एवढीच त्याची इच्छा असते, आणि ते सांगितलं की त्याचा डाव फसतो. नगर रोडला रामवाडीत येशूसंघीयांचं दे नोबिली कॉलेज आहे, त्यामुळे आमच्या भागात इग्नेशियसची ओळख काही परकी नाही. मी प्रोटेस्टंट घरातला, तरी हा नियम जिथे मिळाला तिथून घेतला. याकोबही (5:16) तेच म्हणतो, एकमेकांजवळ आपली पापे कबूल करा.

कोणाला सांगायचं? पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला. वयाने थोडं मोठं. नात्यातलं शक्यतो नको, सोयरिकीची गुंतागुंत होते. ज्याने तुम्हाला कधी दुसऱ्याचं गुपित सांगितलं असेल त्याला मुळीच नको, तो तुमचंही सांगणार. आणि गटावर तर टाकूच नका. आमच्या मंडळ्यांत कुजबूज बहुतेक वेळा प्रार्थनेचा वेष घालून येते. "तिच्यासाठी जरा प्रार्थना करा हं," म्हणून सुरुवात होते आणि तिचा नवरा, पगार, सासू सगळं बाहेर येतं. प्रार्थना सांगताना नाव आणि गरज एवढंच सांगावं, तपशील देवाला ठाऊक असतात.

सांगताना गोलमाल नको. 'मी अलीकडे जरा कमजोर आहे' यातून काही कळत नाही. काय, किती वेळा, कधीपासून, हे सांगा. आणि पुढच्या वेळी मी विचारायच्या आधी तुम्हीच विचारा, अशी मुभा द्या. मास्तर मला वर्षभर दर पंधरा दिवसांनी एकच प्रश्न विचारायचे, "पेटी कुठंय?"

टिंबांचा कागद

इग्नेशियसच्या साधनेतली आणखी एक गोष्ट मला हिशेबनीस म्हणून फार आवडते. एकच दोष निवडायचा. आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला दोन ओळी आखायच्या. दुपारी एकदा, रात्री एकदा आठवून, जितक्या वेळा घसरलो तितकी टिंबं त्या ओळीवर द्यायची. मग दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी, कालची आजच्याशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून बघायचा. दोन मिनिटांचं काम.

टिंबं कमी झाली तर देवाचे आभार मानायचे आणि वाढली तर पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढायचा. तो कागद इतरांना दाखवायला नाही, आणि स्वतःला झोडपायलाही नाही. माझ्या पहिल्या आठवड्यात रागाची एकवीस टिंबं होती, त्यातली निम्मी नगर रोडच्या ट्रॅफिकमधली.

रिकामं घर

मत्तय 12 मध्ये निघून गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो, घर झाडलेलं, सजवलेलं आणि रिकामं बघतो, आणि आपल्याहून दुष्ट असे सात सोबती घेऊन येतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, तेव्हा ओळखीतल्या एका पोराची रमी सुटली. महिनाभरात तो शेअर बाजारातल्या ऑप्शन्समध्ये होता. ॲप गेलं, जागा तशीच राहिली. इफिसकरांसमधलं माझं वचनही अर्ध्यावर थांबत नाही. चोरी करणाऱ्याने चोरी सोडावी, हाताने श्रम करावेत, आणि गरजवंताला द्यायला आपल्याजवळ काही असावं, असा त्याचा पुढचा भाग आहे. म्हणून जे सोडलं त्या *वेळेला* काय, हे लिहून ठेवा. वायरमन काकांनी संध्याकाळी सहाला वस्तीतल्या मुलांना वायरिंग शिकवायला घेतलं, कारण त्यांची पहिली बाटली सहालाच उघडायची.

पडलातच तर

पडाल. मीही पडतो. पडल्यानंतरचा पहिला तास फार धोक्याचा, कारण तेव्हा मोह वकिली सोडून फिर्यादी होतो. आधी 'एवढ्याने काय होतंय' म्हणणारा आवाज आता 'तुझ्यासारख्याला कसली क्षमा' म्हणतो. येशू पकडला गेला त्या एका रात्रीत त्याचे शिष्य यहूदाही चुकला आणि पेत्रही. यहूदा एकटा गेला. पेत्र रडला, पण इतर शिष्यांत परत आला.

पहिल्या योहानात (1:9) पापं पदरी घेतली तर तो विश्वसनीय आहे, क्षमा करील, असं आहे. पदरी घेणं हा शब्द मला मराठीने दिलेली भेट वाटते. झटकायचं नाही, दुसऱ्याच्या पदरात टाकायचं नाही.

इथे पुण्यातली एक जुनी गोष्ट आठवते. 1890 मध्ये गुरुवार पेठेतल्या पंच हौद मिशनमध्ये टिळक, रानडे, गोखले अशी बडी मंडळी गेली होती, पुढे चहा-बिस्किटं आली, आणि त्यावरून उठलेलं ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. ते प्रायश्चित्त समाजाशी सलोख्यासाठी होतं, चहात पाप होतं म्हणून नव्हे. आपल्याकडे उलटी गफलत होते, समाजाला कळलं नाही म्हणजे देवाशीही मिटलं असं वाटतं. क्षमा फुकट आहे. भरपाई मात्र करायची असते. बायबलमधल्या जकातदार जक्कयाने चौपट परत करीन म्हटलं. मी चौपट नाही, पाच हजारच भरले, मुलीच्या आईला सांगून आणि तिच्या भिशीतून उसने घेऊन. मग कमिटीसमोर उभं राहून सांगितलं. खजिनदारपद गेलं. एक बाई दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

हे मोहाच्या पलीकडचं असेल तर

हात कापतात, पिल्याशिवाय सकाळ होत नाही, कर्ज काढून खेळताय, किंवा जगूच नये असं वाटतंय, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. व्यसन हा आजार आहे. त्यात 'विश्वास कमी पडला' असं कोणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका, मग तो व्यासपीठावरून बोलत असला तरी. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ती वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावी. येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभं केलेलं. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा शहरात होतात, तिथे नाव विचारत नाहीत. वायरमन काका दोन्हीकडे गेले, आणि रविवारी पहिल्या बाकावरही असतात.

पेटी

संघाचा आताचा खजिनदार कॉलेजातला मुलगा आहे. गेल्या रविवारी नाताळच्या कार्यक्रमाचे पैसे जमले, उशीर झाला, पाळकसाहेब एका लग्नाला गेलेले. तो मला म्हणाला, "काका, रात्रीपुरती पेटी तुमच्याकडे ठेवाल? तुम्ही जवळच राहता." मी नाही म्हटलं. त्याला ते जरा लागलं असावं. मग आम्ही दोघं रिक्षाने एटीएमच्या पैसे भरायच्या मशीनपाशी गेलो. मशीनने पाचशेच्या दोन नोटा तीनदा परत फेकल्या. बाकीची पावती आली, आणि त्या दोन नोटा हातात धरून तो मला विचारू लागला, यांचं काय करायचं. मी खिशातून पाकीट काढलं, त्यातला वर्गणीचा रिकामा लिफाफा त्याला दिला, त्यावर आकडा आणि तारीख लिहायला सांगितली, आणि दोघांनी तिथेच, मशीनच्या उजेडात, आडव्या सह्या केल्या.